टॉवरच्या टोकावरचा लाल लाइट

टॉवर दिसला का मले आमच्या ताराचंदभाऊची आठवण येते. एटापल्लीकडं त्याच्या धानाच्या बांधीत मोबाइलचा टॉवर आहे. त्याच्या टोकावरचा लाल लाइट बंद पडला. मागच्या पुरात रस्ते बुडाले, तवा भाऊच्या सुनेले हेलिकॉप्टरनंच दवाखान्यात नेलं होतं. म्हणून त्याच्या जिवाले घोर लागला, का अंधारात हेलिकॉप्टरले टॉवर दिसाचा कसा.

मी त्याच्यासाठी फोन केले. कंपनी म्हणे, "तो टॉवर आम्ही विकला." घेणारी म्हणे, "लाइटचं काम ठेकेदाराकडं." ठेकेदार म्हणे, "मले फक्त डिझेल भराले सांगतलं."

भाऊ म्हणाला, "जागा माही आहे, तं जिम्मेदारीबी माहीच." त्यानं बुद्ध पौर्णिमेचा लाल आकाशकंदील घेतला, आत बॅटरीचा दिवा ठेवला अन् टॉवरवर चढून बांधला. अर्ध्यावरच पोचला बिचारा.

दुसऱ्याच दिवशी तहसीलातले साहेब गाडी घेऊन आले. "कोणी बांधला हा?"

"मी," भाऊ म्हणाला. "वरून हेलिकॉप्टर जाते साहेब, त्याले दिसाले पाह्यजे."

"पायलट यालाच टॉवरचं टोक समजला तर? कायद्यानं हे काम टॉवरच्या मालकाचं आहे."

"मंग मालक कोण आहे?"

"ते पाहू. आधी हा काढा."

भाऊनं गुमान काढला. साहेब खोटं बोलले नव्हते, तेच मनाले लागते.

लाइट कोणं लावाचा, ते अजूनबी ठरलं नाही. कंदील कोणं काढाचा, ते उभ्याउभ्या ठरलं.