फिकी शमादाने

फिकी म्हणून परत धाडलेल्या आपल्या कांस्याच्या, मेणबत्त्या लावायच्या शमादानांसाठी मादाम वालब्रें पॅरिसमधल्या एका दुकानात ताटकळत होत्या. पडद्यामागे सोन्याचा मुलामा देणाऱ्या कारागिराची बायको मालकावर कडाडली.

"पुन्हा भट्टीवर? मुलाम्यातल्या पाऱ्याच्या धुरानं ह्यांचे दात गेले, हात लटपटतात!"

"तोंडात सोन्याचं नाणं धरायला सांग, ओदिल. पारा ते ओढून घेतं."

"ते केव्हाच पांढरंफटक पडलंय, मालक! आता तुम्हीच धरा तोंडात आणि बसा भट्टीपाशी!"

"अगं, गिऱ्हाइकाला सोनं फिकं दिसतं, त्याला मी काय करू?"

"मोतीबिंदू झाला असेल मेलीला!"

मादामनी काठीने पडदा सारला.

"झालाच आहे. शमादाने आहेत तशीच माझ्या बग्गीत ठेवा."