हेव्याने उतरलेली चरबी

मंडळी, एक सांगा — हेव्यापोटी केलेलं चांगलं काम देवाला पोचतं का? लगेच माना डोलवू नका, आधी ऐका!

गुहागरचे विश्वंभरशेठ. कापडाचं दुकान. गादीवर बसले, की जेवायलाच उठायचे! धाकटा सावत्र भाऊ मुकुंद — माडांच्या बागेत राबणारा, काटक. दोघांची बहीण इंदू. तिचं यकृत निकामी झालं! भावाच्या यकृताचा तुकडा बसवला, तरच जगणार.

"मी देणार! मुकुंदाचा काय संबंध?" शेठ गरजले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "काका, तुमच्या यकृतात चरबी साठलीय. तुमचा तुकडा चालणार नाही. मुकुंदरावांचा चालेल."

"अहो, मी दारूला शिवलो नाही कधी!"

"आणि श्रीखंडाला?"

हसताय? शाळेत तंतुकणिका शिकलात ना — तेच मायटोकॉन्ड्रिया! यकृताच्या एकेका पेशीत शेकडो चुली. काम चरबी जाळायचं. पण बसल्या जागी सरपण कोंबत राहिलात, तर चुली धुमसतात, बिघडतात — आणि न जळलेली चरबी तिथेच साठते! औषधं आता निघताहेत. पण पाया एकच — वजन उतरवा, चाला. चालणाऱ्याच्या स्नायूंत नव्या चुली तयार होतात, यकृताचा भार हलका होतो.

इंदूला जंतुसंसर्ग झाला, शस्त्रक्रिया तीन महिने लांबली. शेठ रोज किनाऱ्यावर चालू लागले! बहिणीसाठी? छे! डोळ्यांपुढे फक्त मुकुंद. 'हा दोन वाट्या श्रीखंड खातो, तरी याचं यकृत चोख! आणि ताटावर हात आडवा धरायचा मी?' दात-ओठ खात चालले — आणि चरबी उतरली!

रिपोर्ट घेऊन शेठ थेट इंदूच्या खाटेशी. मुकुंद शहाळं सोलत होता.

"मुकुंदा, तू आता घरी जा. मी पास झालो!"

इंदू क्षीण आवाजात म्हणाली, "दादा, मी जगायला हवीय, की मुकुंद हरायला?"

तीन महिन्यांत शेठनी 'इंदे, कशी आहेस?' एवढंही विचारलं नव्हतं.

मुकुंद म्हणाला, "ताई, दादांचंच घे. तू बरी हो म्हणजे झालं."

शेठनी तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंकडे वळून कसंबसं विचारलं, "तिला कुणाचं जास्त मानवेल?"

"मुकुंदरावांचं. वय कमी, यकृत पहिल्यापासून निरोगी."

जिव्हारी लागलं, मंडळी! तरी शस्त्रक्रियेच्या दिवशी स्ट्रेचरवरचा मुकुंद पुटपुटला, "दादा, भीती वाटतेय." शेठनी त्याचा हात घट्ट धरला, तो शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारापर्यंत सोडला नाही.

आता सांगा! पेशीला कळतं का, तुम्ही का चालताय? हेव्याने चाला, प्रेमाने चाला — चरबी ती जाळणारच! पण खाटेवरच्या माणसाला कळतं. तेव्हा उद्या चालायला जरूर निघा — आणि निघण्याआधी घरातल्या आजाऱ्यापाशी घटकाभर बसा!