उतारापूर्वीचा थांबा

वहिनी: जरा दिवा इकडे करा, भावजी. टेबलावरच्या ह्या मालगाडीच्या तिसऱ्या वाघिणीच्या कडेला, दाराच्या कडीच्या वर, कोळशाची पूड गेली आहे. नखाएवढा लांबट गोल. आतला लाल रंग दिसतोय.

भावजी: झिजली असेल.

वहिनी: झिजते ती कोपऱ्यांना. ही मधोमध गेली आहे. आणि पलीकडच्या बाजूला, बरोबर तेवढ्याच उंचीवर, आणखी एक.

भावजी: नोकरी सुटली तरी तुमची प्रयोगशाळा काही सुटत नाही. चहा निवतोय, वहिनी.

वहिनी: निवू दे. भिंग द्या ते. एका बाजूला बोट आहे, एका बाजूला अंगठा. अंगठ्याच्या ठशात आडवी रेघ आहे. तुमचा अंगठा बघू.

भावजी: त्यात काय बघायचं? डबे जोडताना कपलिंगमध्ये चेंगरलेला अंगठा तुमच्या लग्नातही असाच होता.

वहिनी: म्हणजे वाघीण तुम्ही हाताने उचललीत.

भावजी: पुसायला घेतली असेन कधीतरी.

वहिनी: कोळशाची पूड लावलेली वाघीण कोणी पुसतं का? मी स्वतः खलात कुटून लावली आहे ती. तुम्हीच म्हणाला होतात, हुबेहूब खाणीवरच्यासारखी झाली म्हणून. आणि ह्यांचा ह्या खोलीतला एकच नियम होता.

भावजी: माहीत आहे.

वहिनी: रुळावर आलेल्या वाघिणीला हात लावायचा नाही. जे हलवायचं ते इंजिनाने.

भावजी: "खऱ्या यार्डात आभाळातून कुणाचा हात येतो का रे?" दादाचा आवाज अजून कानात आहे. एकदा मी घसरलेली वाघीण पटकन उचलून ठेवली, तर दोन आठवडे बोलला नाही माझ्याशी. मी खरा गार्ड, जन्म मालगाडीच्या शेपटीला काढलेला, आणि हा कागदावर रेघा ओढणारा माणूस मला मालगाडी शिकवणार!

वहिनी: विषय बदलू नका. चौथीवरही ठसे आहेत. पाचवीवरही. सगळ्यांवर आहेत, भावजी. तुम्ही पूर्ण गाडी उचललीत.

भावजी: वहिनी, सोडा ना.

वहिनी: कुठून उचललीत?

भावजी: खाणीतून.

वहिनी: आणि ठेवलीत कुठे?

भावजी: खाली, वीजघराच्या रुळावर.

वहिनी: म्हणजे भरलेली गाडी खाणीत उभी होती.

भावजी: हो.

वहिनी: ती तिथे मी नेली?

भावजी: चहा खरंच गार झाला.

वहिनी: एकदा?

भावजी: एकदाच असतं तर मी हसून सांगितलं असतं की हो. कोळसा खाणीला परत! केवढी चेष्टा केली असती मी तुमची.

वहिनी: तुम्ही कधी बदलत होतात गाडी?

भावजी: तुम्ही चहा करायला आत जायच्या तेव्हा.

वहिनी: आणि मी बाहेर येऊन बघायचे तर गाडी बरोबर वीजघरात. मी खूश व्हायचे. तुम्हाला दिसत होतं ना ते?

भावजी: म्हणून तर.

वहिनी: भावजी, मी लेकीला काय सांगून ठेवलं होतं? ती दर रविवारी फोनवर विचारते, "आई, येतेस ना माझ्याकडे?" मी म्हणते, बघू. तिला म्हटलंय, ह्यांची गाडी मी बिनचूक चालवते आहे तोवर मी ह्या घरात एकटी राहणार. ज्या दिवशी चुकेन त्या दिवशी बोलू. हे तुमच्यासमोर ठरलं होतं.

भावजी: माझ्यासमोरच ठरलं.

वहिनी: दुसरं काहीच नव्हतं माझ्याकडे मोजायला. डॉक्टर म्हणतात, विसरणं वाढतंय का, घरच्यांनी लक्ष ठेवा. घरचं म्हणजे तुम्ही. मी एक काटा लावून ठेवला होता आणि तुम्ही त्या काट्याला बोट लावून बसलात.

भावजी: तिने मलाही फोन केला होता. "काका, खरं सांगा, आई कशी आहे?"

वहिनी: काय सांगितलंत?

भावजी: ठणठणीत आहे म्हटलं. काकाला उलट शिकवते आहे म्हटलं.

वहिनी: बरं. इंजिन लावा.

भावजी: आता? राग आलाय तुम्हाला. उद्या बघू.

वहिनी: लावा. हात लावायचा नाही आणि मी चुकले तरी सांगायचं नाही. बाकी नेहमीसारखं. तुमची बडबडसुद्धा.

भावजी: लावलं.

वहिनी: रिकाम्या वाघिणी वीजघरातून निघाल्या. शेवटी गार्डचा डबा. चढण. मधलं स्टेशन, इथे थांबायचं नाही. खाण. रिकाम्या आतल्या रुळावर सोडल्या. बरोबर?

भावजी: सांगायचं नाही म्हणालात ना?

वहिनी: शाबास. आता भरलेल्या जोडल्या. गार्डचा डबा मागे घेतला. निघालो खाली. आलं मधलं स्टेशन. थांबले. तुमचं काम, गार्डसाहेब.

भावजी: उतरलो. पुढे मोठा उतार. ह्या वाघिणींना इंजिनातून ब्रेक लागत नाही, प्रत्येकीचा ब्रेकचा दांडा वेगळा, आणि तोही एकाच बाजूला. तर मी काठी घेऊन पहिलीपाशी जातो, दांडा दाबतो, वर लोंबकळतो, तो सुटू नये म्हणून खिटी घालतो. मग दुसरी. पावसाळ्यात दांडा असा निसरडा व्हायचा, एकदा तर मी सरळ खडीवर. ड्रायव्हर वरून ओरडतोय, "गार्ड, झोपलास का?" मी म्हटलं, "तू ये खाली, दोघं झोपू." नंतर हा थांबा कुणी घेईनासं झालं, नव्या वाघिणी आल्या, मग खाणच बंद पडली. दादा मात्र म्हणायचा, खेळण्यातली असली तरी गाडी इथे थांबलीच पाहिजे. चला, सगळे दांडे दाबले. गाडी तयार.

वहिनी: निघाले.

भावजी: हं.

वहिनी: गप्प का झालात?

भावजी: असंच.

वहिनी: आलो. आता आत घेते… रूळ मोकळा का नाही? इथे कुणी रिकाम्या वाघिणी ठेवल्या आहेत? थांबा. रिकाम्या मीच ठेवल्या. आत्ता. खाणीत. मग ह्या भरलेल्या इथे कशा आल्या, भावजी?

भावजी: माझ्या बडबडीमुळे. मी बोलत बसतो, तुमचं लक्ष जातं. कुणाचंही जाईल.

वहिनी: शक्य आहे. मग तेवढं एक काढून बघू. पुन्हा. ह्या वेळी तोंड उघडायचं नाही.

भावजी: वहिनी, पुरे ना.

वहिनी: एका खेपेवर मी काहीच ठरवत नाही. गाडी इंजिनानेच मागे घेते मधल्या स्टेशनापर्यंत. हे बघा, घेतली. थांबले. आता तुम्ही मनातल्या मनात दांडे दाबा. झाले की मान हलवा.

भावजी: …

वहिनी: झाले? बरं. आता… बोलू नका. कोळसा दिसतोय मला. भरलेली आहे हे कळतंय. भरलेली गाडी वीजघराला जाते हे पाठ आहे, झोपेतून उठवलं तरी सांगेन. फक्त वीजघर कुठल्या हाताला ते… हे टेबल मी ओळखते. ह्याच्यावरचं एकेक झुडूप मी चिकटवलं आहे. आणि हे दोन्ही रूळ मला सारखेच दिसताहेत.

भावजी: उजवीकडे, वहिनी. उजवीकडे आहे वीजघर.

वहिनी: सांगू नका म्हटलं होतं ना?

भावजी: नाही बघवलं मला.

वहिनी: बंद करा ते इंजिन. बसा. तुम्हीही बसा.

भावजी: दमलात तुम्ही, एवढंच. उन्हातून आला होतात सकाळी.

वहिनी: इकडे तिकडे चुकलं तर दमले म्हणता येतं. मी चालत्या गाडीत चुकत नाही. जोडताना नाही, सोडताना नाही. थांबले की जाते दिशा. दरवेळी तिथेच. तुम्हीही तेच बघत होतात ना इतके दिवस?

भावजी: हो. तिथेच.

वहिनी: बाहेरही होतं. औषधांच्या दुकानाच्या चौकात रस्ता ओलांडायला थांबते. गाड्या जातात, दिवा हिरवा होतो, लोक चालू लागतात, आणि मी कुठल्या बाजूने आले तेच नसतं डोक्यात. परवा त्या दुकानदाराने आपली मुलगी सोबत दिली घरापर्यंत. चांगली होती पोरगी. सारखी आजी म्हणत होती.

भावजी: हे मला नाही सांगितलंत.

वहिनी: मला वाटायचं, गाडी तर बरोबर जातेय. म्हणजे हे वयाचंच असणार. घरी येऊन वीजघराच्या रुळावर ती वाघिणींची रांग बघायची आणि शांत झोपायचे. तुमच्या हाताने ठेवलेली रांग.

भावजी: मला वाटलं, तुम्हाला जपतोय.

वहिनी: मला?

भावजी: नाही. तुम्ही लेकीकडे गेलात की हे घर बंद होणार. मग दर बुधवारी इथे येतो तो मी कुठे जाणार? माझ्या खोलीत एक पलंग आणि एक खिडकी. खिडकीतून समोरची भिंत. मी कुठे जाणार, ह्याची भीती होती, वहिनी. चालायचं तेवढं चालवत होतो.

वहिनी: एवढं आधी बोलला असतात तर भांडले असते, पण समजलं असतं.

भावजी: रागावला आहात?

वहिनी: आहे. राहीनही. तिच्या घरात हे टेबल मावणार नाही. दारातूनसुद्धा जाणार नाही, ह्यांनी खोलीतच बांधलं ना.

भावजी: कापावं लागेल. उताराच्या जागी जोड आहे, तिथून निघेल कदाचित. खाणीचा भाग कुणी घेतला तर घेतला. विचारतो मी, चार लोक माहीत आहेत ह्या नादाचे.

वहिनी: वाघिणी?

भावजी: त्या पेटीत राहतील. कापसात. तुमच्याबरोबर न्या.

वहिनी: तुमच्याकडे ठेवा. मी तिथे पेटी उघडून बसेन आणि लेक दारातून बघत राहील, आईला आज किती कळतंय म्हणून. ते नको.

भावजी: बरं. लगेच नको ठरवू या. दिवाळी होऊ… काही तरी, थोडे दिवस जाऊ देत. पुढच्या बुधवारी मी गप्प बसतो, तुम्ही पुन्हा एकदा—

वहिनी: भावजी.

भावजी: नाही, खरंच. तीन वेळा चुकलं तर मग—

वहिनी: तुम्ही मोजायला बसू नका. तुम्हाला येत नाही ते. फोन द्या इकडे.

भावजी: मी सांगू तिला? माझंच खोटं आहे, मीच निस्तरतो.

वहिनी: तुमचं तुम्ही नंतर निस्तरा. आकडे तेवढे तुम्ही दाबा, मला आज खात्री नाही. बोलेन मी.

(फोन लागतो.)

वहिनी: हॅलो. हो, मीच… नाही, काही झालं नाही. काका इथेच आहेत, शेजारी… अगं रविवार नाही, माहीत आहे मला. म्हणूनच केला… ऐक आधी. तू दर वेळी विचारतेस आणि मी बघू म्हणते, त्याचं उत्तर द्यायचं होतं… नाही, रडू नकोस, मला बोलू दे, नाहीतर मधेच थांबेन मी. येते मी तुझ्याकडे… नाही गं, चार दिवस नाही. राहायलाच येते.