पाचच किलोमीटर

२००१च्या डिसेंबरमध्ये शारजातल्या एका दवाखान्यात मी नंबराची वाट बघत होतो. शेजारी पन्नाशीचे आत्माराम सुजलेला गुडघा धरून बसले होते आणि त्यांच्या पत्नी कुमुद त्यावर बर्फ दाबत होत्या.

“डॉक्टरांना खरं सांगा हं. गुडघा अर्ध्या वाटेत, धैदलाच गेला होता.”

“गुडघा गेला, मन नाही. शरीर म्हणालं खलास, मन म्हणालं यल्ला, चल पुढे! मारलीच ना सायकल पार डोंगरातल्या मसाफीपर्यंत?”

“यल्ला मी म्हणाले. गाडीच्या खिडकीतून.”

“तू फक्त सांगितलंस, पाचच किलोमीटर राहिलेत. ते पाच मी निव्वळ मनाच्या जोरावर काढले.”

“पाच नव्हते हो ते.”

“मग?”

“वीस.”

“कुमुद! तरीच तो चढ संपेना!”

“वीस म्हटलं असतं तर तिथेच वाळूत आडवे झाला असतात. वर्षभर पहाटे उठून तयारी केलेली. मला बघवलं नसतं.”

“अगं, पण मी चार वेळा विचारलं!”

“चारही वेळा पाचच सांगितले. तुमचा चेहरा बघून मलाही सोपं नव्हतं.”

“...पुढच्या वर्षी मसाफीच्याही पुढे, थेट फुजैरा.”

“आणि गुडघा?”

“डॉक्टर किती महिने विश्रांती सांगतात, ते तूच आत जाऊन ऐक. मला आठवडाच सांग.”