वशिला नको

सँडरिंगहॅमच्या मिठाईच्या दुकानात रांग दारापर्यंत आली होती. संघमित्राच्या पुढे दोन काका उभे होते, दोघांच्या गळ्यात तिच्याच फुटबॉल क्लबचे मफलर. परदेशात मराठी कोणाला कळत नाही, अशा ठाम विश्वासाने ते मोठ्याने बोलत होते.

“बोला भानुदासराव, संध्याकाळी अटॅक कोचसाठी मत कोणाला?”

“गुरुदत्त, अख्ख्या सीझनमध्ये आपला एक गोल. तोही समोरच्यांनी चुकून स्वतःवरच मारलेला. कोणीही चालेल!”

“नावं दोनच आहेत. एक तो क्रेग.”

“क्रेगचं धोरण काय?”

“बॉल लांब मारायचा, मग बघू.”

“आणि दुसरं?”

“कोणी संघमित्रा म्हणून मुलगी आहे. पाहिलेली नाही, पण तिच्या ज्युनिअर पोरींनी यंदा सगळ्यांना धू धू धुतलं म्हणे.”

“मग प्रश्नच मिटला. तिलाच मत!”

“शुद्धीवर या. ती मराठी, आपण मराठी. लोक वशिला म्हणतील.”

“अहो, पण टीम बुडेल!”

“बुडू दे. आपल्याकडे कोणी बोट दाखवता कामा नये.”

“तेही खरंच. मग माझंही क्रेगलाच.”

संघमित्राने हातातला पेढ्यांचा बॉक्स इतका घट्ट धरला की झाकण चेपलं.

रांग सरकली. गुरुदत्तकाका मागे वळून अदबीने हसले आणि इथल्या रिवाजाने माओरीत नमस्कार करत म्हणाले, “किया ओरा! आय हॅव हीप्स टू बाय. यू गो फर्स्ट, प्लीज.”

“नको काका,” संघमित्रा म्हणाली. “लोक वशिला म्हणतील.”