वाक्यात उपयोग

उमरग्याच्या रजिस्ट्री कचेरीत लिंबाजी बहिणीची वाट बघत बसला होता. तिला आज वडिलांच्या जमिनीवरचा हक्क त्याच्यासाठी सोडायचा होता. तिच्यासाठी घेतलेल्या साडीची पिशवी त्याच्या मांडीवर होती. बाकावर शेजारी तशाच कामाला आलेला विरेश, त्याची थोरली बहीण उमादेवी आणि वही उघडून बसलेली त्याची लेक गायत्री.

"आत्या, 'रिलक्टंट'चं वाक्य सांगा की."

"म्हंजी काय गं?"

"मनात नसताना करायचं. मी कारलं खाते तसं."

"पर खातीस न्हवं?"

"पप्पा समोर बसतेत ना!"

"गायत्रे, गप बस. अक्का, आत सायेब इचारतेल, हक्क राजीखुशीनं सोडता का म्हणून. नुसतं व्हय म्हणायचं."

"किती बारी सांगशील, विरेश? तू आणलेली साडीच नेसून आलेय न्हवं."

उमादेवीचं नाव पुकारलं, ती आत गेली. दार उघडंच होतं.

"उमादेवी, हक्कसोड राजीखुशीनं करताय?"

उमादेवीनं दारातून विरेशकडं पाहिलं.

"बाई, बोला की."

"व्हय."

सही करून उमादेवी बाहेर आली.

"लिहिलंस का गं वाक्य?"

"न्हाय, सुचंना."

"मंग लिही. आत्या व्हय म्हणाली."

लिंबाजीनं साडीची पिशवी हळूच बाकाखाली सरकवली.