शब्द न् शब्द

अण्णा : "…फाइलला 'नवीन', 'नवीन दोन', 'शेवटची', 'एकदम शेवटची' असली नावं देऊ नका. महिन्याभराने तुमची तुम्हालाच कळणार नाहीत." इथे मॅडम पाणी प्यायल्या. पुढे, "ऐकू येतंय ना सगळ्यांना?"

सूनबाई : अण्णा, पाणी प्यायल्या तेही लिहिलंत?

अण्णा : बोलण्यात खंड पडला की तो का पडला हे लिहायचं. कोर्टात चौतीस वर्षं दुसरं काय केलं? साक्षीदार रडला तर रडला, शिंकला तर शिंकला.

सूनबाई : आमच्या ऑनलाइन कॉम्प्युटर वर्गाच्या मॅडम म्हणजे काय साक्षीदार आहेत?

अण्णा : मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्यामुळे काय कामाचं, काय बिनकामाचं, हे ठरवणारा मी कोण? सगळं लिहायचं नि संध्याकाळी तुला वाचून दाखवायचं. पाय नीट बुडव बादलीत. नुसते घोटे काय भिजवतेस?

सूनबाई : चटके बसतायत हो. आज इस्पितळात ऑपरेशनं जास्त होती, त्यामुळे धुलाईखान्यात चादरींचा हा डोंगर. आठ तास घड्या घालत उभी. शिरा बघा, दोरखंडासारख्या झाल्यात.

अण्णा : परवाचा दिवस काढ. परीक्षा झाली, सर्टिफिकेट हातात आलं, की इस्पितळाच्या भांडारातली कॉम्प्युटरपुढची खुर्ची तुझी.

सूनबाई : महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवणार आहेत ती खुर्ची. त्यानंतर दुसऱ्या कुणाला. आणि डॉक्टर तर म्हणतात उभ्याचं काम सोडाच. खुर्ची नाही मिळाली तर नोकरीच सोडावी लागेल मला. असो. पुढे वाचा. नावांचं झालं, मग काय म्हणाल्या?

अण्णा : मग… वर्ग संपला.

सूनबाई : एवढ्यात?

अण्णा : एवढ्यात.

सूनबाई : अण्णा, इकडे बघा. तुमचं ते लघुलेखन मला वाचता येत नाही, कागदावर मुंग्या फिरल्यागत दिसतं. पण पान कुठवर भरलंय ते दिसतं ना मला. खाली सहा ओळी आहेत.

अण्णा : त्या किरकोळ आहेत.

सूनबाई : पाणी प्यायलेलं किरकोळ नाही आणि या सहा ओळी किरकोळ? वाचा बघू.

अण्णा : वाचतो. रागावू नकोस. "परीक्षेसाठी उजळणी करू. बेरजेचं सूत्र लिहिताना आधी बरोबरचं चिन्ह, मग कंस, मग पहिला रकाना, मग…" मॅडम भरभर बोलायला लागल्या. वेळ संपत आली होती. आणि मग पुरुषाचा आवाज : "थोडं सावकाश, साहेब."

सूनबाई : कोणाचा आवाज?

अण्णा : माझा.

सूनबाई : अहो अण्णा!

अण्णा : हात मागे पडला गं. न्यायाधीश घाईत बोलायला लागले की चौतीस वर्षं हेच म्हणत आलो. तोंडातून निसटलं. आणि लॅपटॉपवरचं ते आवाजाचं बटण आज चालूच राहिलं होतं.

सूनबाई : मॅडम काय म्हणाल्या?

अण्णा : म्हणाल्या, "हा आवाज कोणाचा? हे नाव तर एका बाईंचं आहे." मग, "मी आज संध्याकाळी सातला या नंबरवर फोन करते." झाल्या सहा ओळी.

सूनबाई : सात वाजायला दोन मिनिटं आहेत आणि तुम्ही मला आत्ता सांगताय?

अण्णा : तू दमून आलीस. म्हटलं आधी पाय शेकून होऊ देत.

सूनबाई : पाय! हजेरी पंच्याहत्तर टक्के लागते, अण्णा. तेवढी नसली तर परीक्षेला बसूच देत नाहीत. माझ्या नावाने लॉगिन होऊन जी हजेरी लागलीय ती सगळी तुमची आहे. वर्ग तीनला, माझी पाळी सुटते पाचला. काय सांगू मी त्यांना?

अण्णा : तू काही सांगू नकोस. मी सांगतो. वाजला बघ. स्पीकरवर टाक आणि मेजावर ठेव.

मॅडम : नमस्कार. मी कॉलेजातून बोलतेय, संगणक कौशल्यांच्या वर्गाची शिक्षिका. आपण त्याच विद्यार्थिनी ना?

सूनबाई : हो, मॅडम. मीच.

मॅडम : मग दुपारी 'सावकाश, साहेब' कोण म्हणालं?

अण्णा : मी, मॅडम. तिचा सासरा. निवृत्त लघुलेखक. तीन ते चार हा तास बावीस वेळा मीच बसलो. ती त्या वेळी कामावर असते. तिचा यात काही दोष नाही.

सूनबाई : दोष माझाच आहे, मॅडम. मीच त्यांना म्हटलं होतं. रेकॉर्डिंग मिळालं असतं तर ही वेळ आली नसती.

मॅडम : रेकॉर्डिंग ठेवायला कॉलेजकडे जागा नाही म्हणे. ते राहू द्या. एकदा मी सगळ्यांची नावं पुकारली होती. तेव्हा तुमच्याकडून 'हजर' असं लिहून आलं होतं. ते कोणी लिहिलं?

अण्णा : मी. जन्मभर लोकांचं बोलणं लिहून घेतलं, त्यात एक शब्द कधी खोटा लिहिला नाही. हा एक लिहिला. तेव्हापासून तो सलतोय. बरं झालं तुम्ही विचारलंत.

मॅडम : मला तेव्हाच शंका यायला हवी होती. बाकीचे सगळे 'ओके मॅम' लिहितात. तुमच्याकडून यायचं, "महोदया, आपले 'फोल्डरच्या आत फोल्डर' इथपर्यंतचे वाक्य ऐकू आले, कृपया पुढील भाग पुन्हा सांगावा."

सूनबाई : असं लिहायचात तुम्ही?

अण्णा : अर्धवट वाक्य वहीत कसं ठेवणार?

मॅडम : आणि फाइली? रोज रात्री सरावाच्या फाइली यायच्या, त्या कोण करत होतं?

अण्णा : त्या तिच्याच. माझं बोट लागलेलं नाही. मी वाचायचो, ती करायची.

मॅडम : मी त्यांना विचारते. बाई, तुम्ही एक फाइल सेव्ह केलीत आणि आता ती सापडत नाही. काय कराल?

सूनबाई : आधी घाबरणार नाही. आमच्या धुलाईखान्यात चादर हरवत नाही, मॅडम, चुकीच्या कप्प्यात जाते. फाइलचंही तेच. आधी नुकत्याच उघडलेल्या फाइलींची यादी बघीन. नाही दिसली तर नावाने शोधीन. नावही आठवत नसेल तर तारखेने.

मॅडम : बेरीज सूत्राने करायची, हाताने आकडा टाकायचा नाही. का?

सूनबाई : दुपारी मुलांच्या वॉर्डातून आणखी चार चादरी आल्या तर? सूत्र असेल तर बेरीज आपली आपण बदलेल. हाताने टाकलेला आकडा तसाच बसून राहील, आणि संध्याकाळी चार चादरी कुठून जास्त झाल्या म्हणून सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतील.

मॅडम : हे चादरींचं मी शिकवलं नव्हतं.

अण्णा : नव्हतं, मॅडम. सातव्या वहीत तुम्ही शाळेतल्या गुणांचं उदाहरण दिलं होतंत.

मॅडम : सातव्या? किती वह्या आहेत?

सूनबाई : चौदा. आमच्या जेवणाच्या मेजावर ताटाला जागा नाही, मॅडम.

मॅडम : आणि काय काय लिहिलंय त्यात?

अण्णा : शब्द न् शब्द. जसं बोललात तसं.

मॅडम : सगळंच? म्हणजे… साधारण नवव्या तासाला, वर्ग संपत आला होता. तेही असेल?

अण्णा : थांबा हं. सहावी वही. हे बघा. "कुणी आहे का तिकडे? चाळीस नावं दिसतात, एकाचाही चेहरा दिसत नाही. मला वाटतं मी भिंतीशी बोलते." वीस सेकंद शांतता. मग, "असो. पुढचं पान उघडा."

सूनबाई : मॅडम? फोन कट झाला का?

मॅडम : नाही. आहे मी. त्या दिवशी वर्ग संपल्यावर मी तशीच बसून राहिले होते. म्हटलं, हे कशासाठी करतोय आपण? कोण ऐकतंय? आणि मग रात्री तुमची फाइल आली. खाली लिहिलं होतं, 'समजलं, मॅडम. आभारी आहे.'

सूनबाई : ते मीच लिहिलं होतं. अण्णांनी तुमचं ते भिंतीचं वाचून दाखवलं आणि मला कसंतरीच झालं. इस्पितळात स्वच्छ चादर सगळ्यांना लागते, पण ती कोणी धुतली हे कुणी विचारत नाही. म्हटलं, मॅडमना तरी कुणीतरी सांगायला हवं.

मॅडम : त्यानंतर रोज यायचं 'समजलं, मॅडम'. मी वाट बघायला लागले होते त्याची. तुम्ही दोघांनी माझं शिकवणं असं झेललंत आणि मी फोन केला तो जाब विचारायला.

अण्णा : विचारायलाच हवा होता. नियम तो नियम.

मॅडम : हो, नियम आहेच. बावीस तासांची हजेरी मला खोडावी लागेल. खोटी ठेवता येणार नाही.

सूनबाई : म्हणजे परवा मी बसायचं नाही.

मॅडम : ऐका तरी. नोकरी करणाऱ्यांसाठी एक वाट आहे. हजेरी कमी असली तरी विभागाकडे अर्ज करता येतो. सोबत कामाच्या ठिकाणचं पत्र लागतं आणि शिक्षकाने तोंडी परीक्षा घेतल्याचा शेरा. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हाच अर्ज केला असतात तर एवढं रामायण झालंच नसतं.

अण्णा : माफ करा, मॅडम. पहिली वही उघडलीय. तुम्ही म्हणालात, "नियम वेबसाइटवर आहेत, वाचून घ्या." आणि लगेच माऊसवर गेलात.

मॅडम : असं म्हणाले मी?

अण्णा : हवं तर पुन्हा वाचतो.

मॅडम : नको, नको! तुमच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. चूक माझीही झाली म्हणायची. शेरा मी देते. तोंडी परीक्षा आत्ताच झाली आणि उत्तम झाली. अर्ज सकाळी दहाच्या आत मेलवर यायला हवा, कामाचं पत्र उद्या संध्याकाळपर्यंत आलं तरी चालेल. सगळं खरं लिहा, 'हजर'सुद्धा. मान्य करायचा की नाही ते विभागप्रमुख ठरवतील. पण या कामी मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

सूनबाई : मॅडम, तुमचे उपकार…

मॅडम : उपकार बिपकार काही नाही. माझंच एक काम आहे, अण्णांकडे. त्या वह्या टाइप करून द्याल? कामामुळे तास बुडणारे वर्गात आणखी दहाजण तरी आहेत. त्यांना वाटीन. पाणी प्यायले ते तेवढं काढून टाका.

अण्णा : मॅडम, मी हजारो पानं लिहिली. ती सगळी कपाटात गेली. माझी वही आजवर कुणी मागितली नाही हो. देतो. अवश्य देतो.

मॅडम : आभारी आहे, अण्णा. तुम्ही ऐकलंत, त्याबद्दल. ठेवते.

सूनबाई : ठेवला त्यांनी. अण्णा, डोळे पुसा.

अण्णा : तू आधी तुझे पूस. आणि पाय काढ त्या बादलीतून, पाणी थंडगार झालं असेल.

(जेवणं आटोपून दोघं पुन्हा त्याच मेजाशी. लॅपटॉप सूनबाईपुढे आहे.)

अण्णा : सरक, मी टाइप करतो. दहा मिनिटांचं काम.

सूनबाई : मुळीच नाही. अर्ज माझा आहे. तुम्ही सांगा, मी टाइप करते. फाइलला नावसुद्धा नीट दिलंय, आजच्या तारखेसकट. 'नवीन दोन' नाही.

अण्णा : बरं. घे. "मा. विभागप्रमुख यांस. विषय, परीक्षेस बसण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदय, अर्जदार ही इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करते. वर्गाच्या वेळी ती कामावर असल्याने तिच्या जागी तिचा सासरा बसला आणि एकदा त्याने 'हजर' असे खोटे लिहिले. यात अर्जदाराचा काहीही दोष नाही."

सूनबाई : हे शेवटचं मी टाइप करणार नाही. मॅडम म्हणाल्या ना, सगळं खरं लिहा. 'अर्जदाराच्या सांगण्यावरून' असं लिहिते.

अण्णा : हट्टी आहेस.

सूनबाई : तुमच्याच घरात आठ वर्षं काढलीत. पुढे सांगा.

अण्णा : "तथापि, प्रत्येक तासाचा मजकूर अर्जदाराने त्याच दिवशी ऐकून सराव पूर्ण केला आहे. पाय सुजलेले असताना तिने एकही दिवस चुकवला नाही. पेंगायला लागली तर उभी राहून ऐकायची…"

सूनबाई : हे कशाला अर्जात?

अण्णा : लिही तू. घडलं ते लिहायचं. "सासऱ्याविषयी विचाराल तर, निवृत्त झाल्यापासून त्याला दुपार खायला उठायची. हाताला काम नव्हतं, घरात कुणी दोन वाक्यं सलग बोलत नव्हतं. हिने त्याच्या हातात पुन्हा पेन्सिल दिली. रोज पाच वाजून गेले की तो खिडकीत उभा राहायचा, कधी ही येते आणि कधी वाचून दाखवतो असं व्हायचं त्याला. एवढा मान त्याला कोर्टाने दिला नाही, तेव्हा या मुलीला खुर्ची मिळावी अशी…"

सूनबाई : थोडं सावकाश, साहेब.